खिडकी, तळघर आणि एक काळा कुत्रा : १६६० सालच्या एका घरगुती भांडणाचा इतिहास

१/ ८ फेब्रुवारी १६६०, बुधवार. लंडनमधील एका तरुण कारकुनाच्या घरी त्याचा मेहुणा एक देखणा काळा कुत्रा घेऊन आला. बहिणीसाठी आणलेली ती भेट होती. कारकुनाला कुत्रा फार आवडला आणि तसे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवूनही ठेवले. चारच दिवसांनी, १२ तारखेच्या रात्री, त्याच कारकुनाने बायकोला बजावले की या कुत्र्याने पुन्हा घरात मुतून ठेवले, तर मी त्याला खिडकीतून बाहेर फेकून देईन. त्यावरून दोघांत बरीच वादावादी झाली.

२/ ज्यांनी घरी पिल्लू आणले आहे त्यांना हा चार दिवसांचा प्रवास ओळखीचा वाटेल. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे दोन महिन्यांचे पिल्लू आले, तेव्हा मी सतराव्या शतकातील इंग्लंडवरच्या पेपरची तयारी करीत होतो. एका सकाळी माझी टिपणे भिजलेली सापडली. एका हितचिंतकाने सल्ला दिला : "त्याचे नाक त्यात घासा, म्हणजे कळेल." त्याच आठवड्यात ही नोंद वाचनात आली. आजचा धागा त्या नोंदीमागच्या घराविषयी, त्यातल्या तीन माणसांविषयी आणि कुत्र्याविषयी.

३/ कारकुनाचे नाव सॅम्युएल पीप्स. शिंप्याचा मुलगा, केंब्रिजमध्ये शिकलेला, वय २६. पत्नी एलिझाबेथ १९ वर्षांची, तिचे वडील फ्रेंच. १६५५ साली विवाह झाला तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. वेस्टमिन्स्टरमधील अ‍ॅक्स यार्ड येथे हे दाम्पत्य आणि जेन नावाची मोलकरीण एवढीच माणसे राहत. मूलबाळ नव्हते. लोक आपल्याला पैसेवाला समजतात, प्रत्यक्षात आपण गरीब आहोत, अशी कबुली पीप्सने रोजनिशीच्या आरंभीच दिली आहे.

४/ ही रोजनिशी १ जानेवारी १६६० रोजी सुरू झाली आणि दृष्टी अधू होण्याच्या भीतीने ३१ मे १६६९ रोजी थांबली. थॉमस शेल्टनच्या लघुलिपीत लिहिलेले तिचे सहा खंड आज केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात आहेत. १८२५ साली त्यांतील निवडक भाग प्रथम छापला गेला. पुढच्या संपादकांनीही नको वाटणारे शब्द गाळले किंवा सौम्य केले. संपूर्ण पाठ वाचकांच्या हाती आला तो १९७० ते १९८३ या काळात. घरातली घाण इतिहासाच्या छापील पानावर यायला असा वेळ लागतो.

५/ तारखेविषयी एक खुलासा. त्या काळी इंग्लंडात अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारीतील या नोंदी जुन्या गणनेने १६५९ च्या ठरतात, आजच्या गणनेने १६६० च्या. पुस्तकांत १६५९/६० असे दुहेरी साल दिसले तर गोंधळून जाऊ नका. या धाग्यात वर्षे आजच्या गणनेने आणि महिन्यांच्या तारखा तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे आहेत.

६/ भांडणाच्या आदल्या रात्री, ११ फेब्रुवारीला, लंडनमध्ये जल्लोष चालला होता. जनरल मंकने 'रम्प' म्हणजे उरल्यासुरल्या पार्लमेंटकडे नव्या सभासदांच्या निवडीची मागणी केली होती. रम्प या शब्दाचा दुसरा अर्थ जनावराचा पार्श्वभाग, म्हणून लोक रस्तोरस्ती आगट्या पेटवून मांसाचे तसले तुकडे भाजत होते. स्ट्रँड पुलापाशी उभे राहून पीप्सने एका नजरेत ३१ आगट्या मोजल्या. राजेशाही परतण्याची ती चाहूल होती. दुसऱ्या रात्री त्याच रोजनिशीत कुत्र्यावरून झालेले भांडण आले. पीप्सने दोन्ही गोष्टी सारख्याच निगुतीने लिहिल्या.

७/ आता साडेतीन महिने पुढे जाऊ. २५ मे १६६० रोजी दुसरा चार्ल्स डोव्हरला उतरला. राजाला आणायला गेलेल्या आरमारासोबत पीप्स होता. किनाऱ्याकडे निघालेल्या एका होडीत तो बसला. त्याच होडीत राजाचा एक सेवक आणि राजाचा लाडका कुत्राही होता. कुत्र्याने होडीतच शी केली. सगळे हसले. पीप्सच्या मनात आले की राजा आणि त्याचे जे जे काही आहे ते इतरांसारखेच असते.

८/ चार्ल्सची लहान स्पॅनिएल कुत्री पुढे दरबाराचा भागच बनली. १६८५ साली राजा वारला तेव्हा जॉन इव्हलिन या दुसऱ्या रोजनिशीकाराने त्याचे गुणदोष लिहून ठेवले. राजाच्या शयनगृहात कुत्री निजत, कुत्र्या तिथेच विऊन पिल्लांना पाजत आणि त्यामुळे सारा दरबार ओंगळ नि दुर्गंधीयुक्त झाला होता, असे तो लिहितो. हे त्याने लिहिले राजाच्या मृत्यूनंतर, आणि तेही खासगी वहीत.

९/ तिन्ही प्रसंगांत कुत्र्यांनी केले ते एकच. ज्या माणसाने राजाच्या कुत्र्याची शी हसण्यावारी नेली, त्याने त्याच वर्षी बायकोच्या कुत्र्याला खिडकीबाहेर फेकण्याची धमकी दिली होती. याचा अर्थ 'घाण' ही गोष्ट केवळ फरशीवर नसते. कुत्रा कुणाचा आणि घर कुणाचे, यावरही तिची शिक्षा ठरते. हे ध्यानात ठेवून आपण पीप्सच्या नव्या घरात जाऊ.

१०/ राजेशाही परतली आणि पीप्सचे नशीब फळफळले. आरमाराच्या कचेरीत त्याला मोठी जागा मिळाली आणि जुलै १६६० मध्ये बिऱ्हाड सीदिंग लेनवरील सरकारी घरात हलले. मोठे घर, प्रतिष्ठित शेजारी आणि खाली तळघर. शहरात तेव्हा मैला वाहून नेणारी भूमिगत व्यवस्था नव्हती. रात्री खोलीत भांडे ठेवीत. घराच्या तळाशी किंवा परसात शौचकूप असे. तो भरला की माणसे बोलावून रात्रीच्या वेळी उपसून घ्यावा लागे.

११/ २० ऑक्टोबर १६६० रोजी तळघरात नवी खिडकी कुठे काढावी हे पाहायला पीप्स खाली उतरला आणि त्याचा पाय मैल्याच्या भल्यामोठ्या ढिगात पडला. शेजारच्या टर्नरसाहेबांचा शौचकूप तुडुंब भरून पीप्सच्या तळघरात उतू आला होता. पीप्स वैतागला, पण यावर इलाज करून घेऊ, एवढे लिहून त्याने विषय संपवला. कुणाला खिडकीबाहेर फेकण्याची भाषा नाही की शब्दाला शब्द नाही. शेजारी कचेरीतलाच होता.

१२/ यानंतर सतराच दिवसांनी, ६ नोव्हेंबरच्या रात्री, पीप्स दाम्पत्यात पुन्हा कुत्र्यावरून भांडण पेटले. तक्रार तीच, घरात घाण करतो. या वेळी खिडकीऐवजी तळघर होते. कुत्र्याला खाली तळघरात ठेवायचे, असे पीप्सने ठरवले होते आणि एलिझाबेथचा त्याला विरोध होता. आपण आपलेच खरे केले, असे तो लिहितो. दोघे भांडतच निजले आणि रात्रभर तो अबोला टिकला.

१३/ त्याच नोंदीत पुढे एक वाक्य आहे, ज्यामुळे ती माझ्या लक्षात राहिली. त्या रात्री पीप्सला स्वप्न पडले की आपली बायको मेली आहे. त्या स्वप्नाने त्याची झोप उडाली. कुत्र्याच्या शिक्षेचा निर्णय ज्याच्या मनाप्रमाणे झाला होता, तोच त्या रात्री शांत झोपू शकला नाही. स्वप्नाचा अर्थ लावण्याच्या फंदात मी पडत नाही. मात्र पीप्सने भांडण आणि स्वप्न एकापाठोपाठ लिहिले, हे नोंदवण्याजोगे आहे.

१४/ एलिझाबेथ एका कुत्र्यासाठी एवढी का झगडली? उत्तराचा एक धागा ९ जानेवारी १६६३ च्या नोंदीत सापडतो. आपले आयुष्य किती एकाकी आणि नीरस आहे, हे तिने एका कागदावर लिहून ठेवले होते. त्या दिवशी तिने तो नवऱ्याला वाचून दाखवला. पीप्सला त्यातले खरेपण बोचले. असा मजकूर परक्याच्या हाती पडला तर काय, या धास्तीने आणि संतापाने त्याने तो कागद फाडला. सोबत तिने जपून ठेवलेले इतर कागदही फाडले.

१५/ नवरा दिवसभर कचेरीत, संध्याकाळी अनेकदा मद्यगृहात किंवा नाटकाला. घरात मूल नाही. माहेर गरीब. अशा घरात भावाने आणून दिलेला कुत्रा म्हणजे दिवसभराची सोबत. तत्कालीन इंग्रजी कायद्यात विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची मानली जाई. म्हणजे भेट तिला मिळाली तरी अखेरचा शब्द त्याचा. तळघराचा दरवाजा लागला तेव्हा कुत्र्याबरोबर तिची सोबतही खाली गेली. ही बाजू वाचताना लक्षात ठेवावी, कारण भांडणाची नोंद करणारी लेखणी एकाच पक्षाच्या हाती होती.

१६/ आता थोडा ओशाळवाणा प्रसंग. २८ सप्टेंबर १६६५. लंडनमध्ये प्लेगचा कहर चालू होता आणि पीप्स परक्या घरी मुक्कामाला होता. रात्री पोट बिघडले. अंधारात त्याने भांडे चाचपले, पण भांडे नव्हते. मोलकरीण ते ठेवायला विसरली असावी, असे तो लिहितो. शेवटी त्याला उठून भिंतीतल्या शेकोटीच्या जागेत शौच करावे लागले, एकदा नव्हे तर दोनदा. मग तो निजला आणि त्याला बरे वाटले.

१७/ या नोंदीत लाज जवळजवळ नाही, कारण त्याच्याकडे रास्त कारण होते. घर अनोळखी, वेळ अवघड, योग्य जागा उपलब्ध नाही आणि ती उपलब्ध करून देणे दुसऱ्याचे काम. हे कारण मला मान्य आहे. पण १६६० च्या कुत्र्याची बाजू मांडायला कुणी वकील उभा राहिला असता, तर तो हेच चार मुद्दे मांडता. नवे घर. आतून बंद दार. आपली जागा कोणती ते कुणी दाखवलेले नाही. आणि दार उघडणे माणसाच्या हातात. पीप्सला स्वतःच्या बाबतीत जे उमगले, ते कुत्र्याच्या बाबतीत उमगले नाही.

१८/ कुत्र्याची ही बाजू पुढे शास्त्राने मांडली. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षे पिल्लांचे निरीक्षण केले आणि १६६० नंतर तीन शतकांनी, १९६५ साली, त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तीन आठवड्यांचे झाले की पिल्लू शी-शूसाठी निजण्याच्या जागेपासून दूर जाऊ लागते. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास ते ठराविक जागा पसंत करू लागते. म्हणजे स्वच्छतेची ओढ त्याच्यात मुळातच असते. 'निजण्याची जागा' म्हणजे तुमचा सगळा फ्लॅट, हे मात्र त्याला शिकवावे लागते.

१९/ "पण त्याला कळते! मी घरात शिरलो की कान पाडून, मान खाली घालून बसतो." हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. २००९ साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर प्रयोग केला. मालकाने खाऊला तोंड लावू नकोस असे बजावून खोलीबाहेर जायचे. परतल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे मालकाला सांगितले जाई, कधी खरे, कधी खोटे. निष्कर्ष असा की 'अपराधी' चेहरा कुत्र्याने केलेल्या गुन्ह्यावर अवलंबून नव्हता, मालकाच्या रागावण्यावर होता. न खाताही ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत तो अधिक ठळक दिसला.

२०/ आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे सत्र कुरुक्षेत्री चालू असताना सरमेचे पिल्लू तिथे येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. मी हविष्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, असे सांगते. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते की माझ्या मुलाचा अपराध कोणता? कुणी उत्तर देत नाही. मग ती शाप देते. भारतीय परंपरेतील सर्वांत मोठी कथा सुरू होताना एक कुत्री राजघराण्याला जाब विचारते आणि राजघराणे निरुत्तर होते.

२१/ नाक घासण्याचा सल्ला इथेच कोसळतो. घटना घडून गेल्यावर केलेली शिक्षा कुत्रा त्या घटनेशी जोडत नाही, तो ती तुमच्याशी जोडतो. मग तो तुमच्यासमोर शू करायला घाबरू लागतो. बाहेर पट्ट्याला असताना अडवून धरतो आणि घरी परतल्यावर पलंगाखाली किंवा पडद्याआड जाऊन उरकतो. आपण त्याला लबाड म्हणतो. लपायला आपणच शिकवलेले असते.

२२/ मग करायचे काय? झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, पाणी प्यायल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचे, दर वेळी त्याच जागी. काम झाले की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ द्यायचा. घरात परतून दिलेल्या खाऊचा संबंध त्याला लागत नाही. नजरेआड मोकळे सोडायचे नाही. लहान जातींचे मूत्राशयही लहान, त्यामुळे फेऱ्या जास्त. जिथे घाण झाली तिथला वास पुरता काढायचा. फिनेलने आपल्या नाकाचे समाधान होते, कुत्र्याचे नव्हे. एन्झाइम असलेला क्लीनर वापरावा. आणि शिकलेला कुत्रा अचानक चुकू लागला, तर ओरडण्याआधी पशुवैद्याकडे न्यावे. मूत्रमार्गाच्या संसर्गावर शिस्तीचा उपाय चालत नाही.

२३/ पीप्सच्या घरी पुढेही कुत्री राहिली. त्यांतल्या एका कुत्रीचे नाव फॅन्सी. सप्टेंबर १६६८ मध्ये गावाकडून वडिलांचे पत्र आले की फॅन्सी गाभण असताना मेली. पीप्सला वाईट वाटले. आपल्या सर्वांत जुन्या परिचितांपैकी आणि चाकरांपैकी ती एक होती, असे तो लिहितो. चार दिवसांत खिडकीची भाषा बोलणारा माणूस आठ वर्षांनी कुत्रीला जुन्या ओळखीच्या माणसांत मोजतो. हा बदल त्याच्या राजकीय चढत्या कमानीइतकाच इतिहास आहे.

२४/ एलिझाबेथ मात्र फार जगली नाही. प्रवासाहून परतल्यावर तापाने १० नोव्हेंबर १६६९ रोजी ती वारली. वय २९. तळघराच्या भांडणानंतरच्या त्या स्वप्नाला नऊ वर्षे आणि चार दिवस झाले होते. रोजनिशी पाच महिन्यांपूर्वीच थांबली होती, त्यामुळे या दुःखाची नोंद तीत नाही. पीप्सने हार्ट स्ट्रीटवरील सेंट ओलाव्ह चर्चमध्ये तिचा संगमरवरी अर्धपुतळा बसवला. त्याने पुन्हा विवाह केला नाही. सतराव्या शतकाचा तो साक्षीदार १७०३ साली तिच्याशेजारी विसावला.

२५/ इतिहासाच्या वर्गात १६६० म्हणजे राजेशाहीचे पुनरागमन, असे आपण पाठ करतो. ते बरोबरच आहे. पण त्याच वर्षी एका घरात जो प्रश्न उभा राहिला, तो कोणत्याही राजवटीत सुटलेला नाही. ज्याला आपली भाषा कळत नाही आणि दार उघडता येत नाही, त्याने चूक केली की सत्ता असलेला माणूस आधी काय करतो? जागा दाखवतो की तळघर?

२६/ आमच्या पिल्लाला पूर्ण सवय लागायला सुमारे चार महिने लागले. पहाटे साडेपाचला उठून त्याला खाली नेण्याची सवय मला लागायला मात्र जरा जास्तच. टिपणे पुन्हा लिहून काढली. धागा आवडला असेल तर घरी नवे पिल्लू आलेल्या मित्राला जरूर पाठवा, विशेषतः त्याच्या हातात गुंडाळलेले वर्तमानपत्र असेल तर. 🐾